दादाचा अर्धा कॉम्प्युटर

आमच्या घरात कॉम्प्युटर एक होता आणि त्याचे धनी दोन. अर्धा माझा, अर्धा दादाचा. हे मी लाडात येऊन सांगत नाही, खरोखरच तसं होतं. बटण दाबलं की काळ्या पडद्यावर दोन ओळी उमटायच्या. वरच्या ओळीत लिनक्स, खालच्या ओळीत विंडोज. वरची दादाची, खालची माझी. झटकन एक निवडली नाही तर कॉम्प्युटर आपल्या मनानं दादाकडे जायचा, पांढऱ्या अक्षरांच्या ओळींमागून ओळी सरकायच्या आणि त्याचं ते वेगळंच घर उघडायचं. तिथे माझं काही काम नसायचं. मग पुन्हा बंद करा, पुन्हा सुरू करा, पुन्हा खालचा बाण दाबा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या मूलसारख्या गावात लाइटचा भरवसा तो काय! दिवसात हा खेळ किती वेळा व्हायचा, विचारू नका. माय मागे भाताचं आंधण ठेवता ठेवता ओरडायची, “वैशू, लाइट आली वं! खालचं दाब, खालचं!” तिला ना लिनक्स माहीत होतं ना विंडोज. पण वरचं दादाचं अन् खालचं वैशूचं, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

घर म्हणजे रस्त्याला लागून एक खोली, तेच दुकान, तिच्या मागे दोन, आणि त्यामागे मायची सांदवाडी. तिथे वांगी, मिरच्या, सांबार. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, पुण्याकडच्यांचं यावर हसून झालं असेल तर पुढे जाऊ. समोरचा रस्ता थेट राइस मिलकडे जायचा. नवं धान निघालं की पोत्यांनी भरलेले ट्रॅक्टर दिवसभर त्या रस्त्यावरून जायचे, मिलची धडधड सकाळपासून सुरू व्हायची, आणि कोंड्याची पिवळट धूळ सगळ्यावर बसायची. मायच्या पापडांवर, बाबांच्या ओल्या रंगावर, माझ्या कीबोर्डवर. कीबोर्ड उलटा करून आपटला की चिमूटभर कोंडा निघायचाच. उसन्या, म्हणजे उकड्या तांदळासाठी धान वाफवल्याचा तो जडसर वास दारातून आत यायचा, त्यात बाबांच्या टर्पेंटाइनचा वास मिसळायचा, आणि दुपारी माय तव्यावर सुके झिंगे भाजायला लागली की त्या वासापुढे दोन्ही वासांनी हात टेकायचे. गिऱ्हाइकं काम झालं तरी दुकानातून उठायची नाहीत. मग माय आतून विचारणारच, “जेवता काय, भाऊ?” आणि भाऊ जेवणारच. लाखोरीच्या डाळीचं वरण, भात, झिंग्यांची चटणी. आता डॉक्टरांनी मला तिखट बंद केलंय. हे लिहिताना तोंडाला पाणी सुटलं, त्याला मात्र डॉक्टरचा इलाज नाही.

बाबा पेंटर. सगळं गाव त्यांना पेंटरभाऊ म्हणायचं. शाळांच्या भिंती, ट्रकांच्या पाठी, दवाखान्यांच्या पाट्या, सगळं त्यांच्या हातचं. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, पण इंग्रजी अक्षर त्यांच्यासारखं कोणी काढायचं नाही. त्यांची खरी कमाई आणि खरा मान होता नाटकांच्या पोस्टरांत. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. दिवसा दंडारीचा नाच, रात्री नाटक, घरोघरी पाहुणे आणि वड्यांचा घाणा. नाटकाच्या नावात कुंकू नाहीतर सौभाग्य असलंच पाहिजे, नागपूरची लेडीज, म्हणजे नटी, असलीच पाहिजे, आणि पोस्टरवर मंडळाच्या अध्यक्षापासून पार पाणी वाटणाऱ्यापर्यंत सगळ्यांची नावं असलीच पाहिजेत. एखादं राहिलं तर त्या गावात नाटकाआधी वेगळंच नाटक व्हायचं. बाबा ही पोस्टरं हातानं रंगवायचे. नायिकेच्या डोळ्यात पाणी काढायला त्यांना ब्रशचा एकच ठिपका पुरायचा.

दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ प्रमोद, चंद्रपूरला डिप्लोमा करून आला तो हा कॉम्प्युटर घेऊन. त्यानंच मला त्यावर मराठी टाइप करायला शिकवलं, फोटो कापायला, जोडायला शिकवलं. लिनक्सही त्यानंच टाकलं. काऊन टाकलं म्हणून विचारलं तर म्हणायचा, “शिकासाठी.” आता शिकासाठी अर्धा कॉम्प्युटर लागतो का? पण लाडका लेक, कोण बोलणार! मग एके दिवशी नाटकमंडळाची माणसं बसलेली असताना तो सगळ्यांसमोर बाबांना म्हणाला, “बाबा, हातानं रंगवाचे दिवस गेले आता.” बाबांनी हातातला ब्रश डब्यात ठेवला आणि म्हणाले, “मंग माहेही गेले, म्हन.” बस. एवढंच भांडण. ना आरडाओरडा, ना काही. पण त्यानंतर बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत. घरात असेपर्यंत मायच्या तोंडून बोलायचे, “त्याले म्हनावं जेवून घे,” “त्याइले सांग जेवलो.” मग दादाला पुण्यात नोकरी लागली, तो गेला, आणि तेवढंही राहिलं नाही. मला दोघांचाही भयंकर राग यायचा. एकाच्या जिभेला हाड नाही आणि दुसऱ्याच्या मनात आलेलं ओठावर येत नाही. मधल्यामध्ये आम्ही दोघी मायलेकी फुकटच्या टपालवाल्या.

दादा गेल्यावर कॉम्प्युटरचं काम माझ्यावर आलं आणि मला ते आवडलं. आवडलं म्हणजे काय, वेड लागलं म्हणा. गावोगावच्या मंडळांना माझी पोस्टरं पटायला लागली. पण दुकान माझं नव्हतं. बाबांनी स्पष्ट सांगितलं होतं, “या सीजनभर कर. मंग समोरची खोली मेडिकलवाल्याले देऊन टाकतो. तुहं लग्न झालं का हे डब्बं कोन चालवन?” मेडिकलवाला सज्जन माणूस होता, दोनदा खोली मोजून गेला होता. बोलणी जवळपास पक्की. मला ती खोली हवी होती. नवरा कसा हवा, साडी कोणती हवी, यातलं काही मला तेव्हा धड सांगता आलं नसतं. पण ती रस्त्याकडची, कोंड्यानं भरलेली, टर्पेंटाइनच्या वासाची खोली मला हवी होती, हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. बाबांपुढे मात्र तोंड उघडायची हिंमत नव्हती. मनात एकच होतं, हा सीजन असा काढायचा की बाबांना नाही म्हणताच येऊ नये.

आणि नेमकी त्याच सीजनला जागा संपली. पोस्टरात फोटो केवढे! नायिका, खलनायक, विनोदी नट, अध्यक्ष, उपाध्यक्ष, आणि अध्यक्षाचा फोटो नायिकेपेक्षा मोठा. फाइल फुगून बसायची. जुनी पोस्टरं पुसावीत तर तीच मंडळं पुढच्या वर्षी येऊन म्हणायची, “मागच्यासारखंच दे बाई, फक्त तारीख बदलव.” शेवटी विंडोजनं हात वर केले. सेव्ह करायला गेलं की जागा नाही. इकडे माझा जीव गुदमरतोय आणि शेजारी दादाचा अर्धा भाग रिकामा, नुसता अडवून ठेवलेला. मी ठरवलं, दादाचं लिनक्स काढून टाकायचं आणि ती जागा आपल्याला घ्यायची.

मायला सांगितलं तर ती पोळपाट सोडून उठलीच. “थे दादाचं आहे.”

“माय, दादाले पुण्यात ऑफिसचा कॉम्प्युटर आहे. थो कायले येते आता याच्यात?”

“मंग काय झालं? पोट्टा पुण्याले गेला म्हून त्याची पेटी फेकली काय आपन?”

दसऱ्याला बाबांच्या ब्रशांबरोबर कॉम्प्युटरची पूजा व्हायची तेव्हासुद्धा ही बाई डब्याला दोन टिळे लावायची, एक माझा, एक दादाचा. तिच्या लेखी ती त्याची खोलीच होती. शेवटी मी तिला कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि वरची ओळ दाबून दादाच्या बाजूला गेले. पासवर्ड त्यानं मला सांगून ठेवला होता, मायचंच नाव होतं ते. हे सांगितल्यावर ती पदराच्या टोकाशी खेळत बसली. आत काय होतं? थोडे धडे, अर्धवट सोडलेले प्रोग्राम, नोकरीचा एक अर्ज. सगळं मिळून एका फ्लॉपीत मावलं. एवढ्याशा सामानासाठी पठ्ठ्या अर्धा कॉम्प्युटर अडवून बसला होता! मायनं ती फ्लॉपी पुसली, दादाच्या पेटीत त्याच्या स्वेटरखाली ठेवली, कडी लावली आणि मग म्हणाली, “हं. आता कर तुले काय करायचं थे.”

दादाला आधी विचारावं, हे सुचलं नाही असं नाही. पण दुकानाच्या कामासाठी त्याला फोन करायचा नाही, असा आमच्या घरचा न बोललेला कायदा होता. समोरच्या रहीमचाचांच्या एसटीडी बूथवरून माय दर रविवारी त्याच्या घरमालकिणीकडे फोन लावायची, तो जेवण कसं आहे आणि सर्दी गेली का एवढ्यासाठी. तेवढा वेळ बाबा ओट्यावर पाठ करून बसायचे. त्यात दुकानाचं नाव काढलं तर बाबांना वाटणार, शेवटी त्याच्यावाचूनच अडलं. आणि खरं सांगू, मला अडेल असं वाटलंच नाही. आम्ही धानवाली माणसं. मामाच्या शेतात धानाचे तुकडे, आमच्या भाषेत बांध्या, बघत मी मोठी झाले. दोन बांध्या, मधे मातीचा धुरा. एक बांधी पडीत राहिली तर धुरा फोडायचा, जागा आपल्यात घ्यायची. त्यात पुण्याला काय विचारायचं?

तर एका रविवारी सकाळी मी बसले. विंडोजमध्ये डिस्कचा नकाशा दिसतो, एक लांब पट्टी आणि तिचे तुकडे. माझ्या तुकड्यावर नाव होतं. दादाचे दोन तुकडे, एक मोठा, एक छोटा, बिनानावाचे. विंडोज त्यांना ओळखतच नव्हतं. मोठ्या तुकड्यावर गेले, राइट क्लिक, डिलीट. सगळं जाईल, करू का, असं त्यानं विचारलं. हो म्हटलं. मग छोट्या तुकड्याचंही तसंच. पट्टीचा तो सगळा भाग काळा झाला, म्हणजे कोणाचाच नाही. तिथे मी नवा भाग आखला, फॉरमॅट केला, आणि थोड्या वेळानं माझ्यासमोर एक कोरा, रिकामा ड्राइव्ह उघडला. अहाहा! नव्या सारवलेल्या अंगणात पहिल्यांदा पाय टाकावा तसं झालं मला. मी माझी सगळी पोस्टरं उचलून तिकडे हलवली आणि वैनगंगेकाठच्या एका मंडळाचं मोठं काम उघडून बसले. त्या मंडळाचे गोविंदभाऊ घरचे पोहे घेऊन हजरच होते. त्यांचं ट्रेसिंग, म्हणजे छपाईसाठी पारदर्शक कागदावरची प्रत, काढून संध्याकाळच्या एसटीनं चंद्रपूरच्या ऑफसेट छापखान्याला जायला हवं होतं, नाहीतर मंडईआधी पोस्टर छापून येणार नव्हतं. मी फोटो जोडत होते, गोविंदभाऊ मागून “अध्यक्षाले थोडे गोरे कर ना, बाई” म्हणत होते, मायचे वडे तळले जात होते. सगळं कसं झकास चाललं होतं.

आणि लाइट गेली.

लाइट जाण्याचं काही विशेष नव्हतं. आमचा यूपीएस केव्हाच मेला होता. आम्ही वडे खाल्ले, लाइट आली, माय सवयीनं ओरडली, “खालचं दाब!” मी बटण दाबलं. पण खालचं नाही अन् वरचंही नाही. काळ्या पडद्यावर ग्रब असा एक शब्द, पुढे एरर, पुढे एक आकडा, आणि तिथेच ठप्प. बंद करून पुन्हा लावला. तेच. पुन्हा लावला. तेच.

आज मला हे एका वाक्यात सांगता येतं. मामाच्या शेतात तलावाचं पाणी आधी वरच्या बांधीत येतं आणि तिच्यातून खालच्या बांधीत उतरतं. वरची बांधी पडीत का असेना, तिच्यातली पाण्याची वाट बुजवली तर खालचं धान सुकलंच समजा. दोन ओळी दाखवून “कोणाकडे जायचं?” विचारणारा तो ग्रब दादाच्या जागेत राहत होता. दादाची जागा पुसली, तोही पुसला गेला. माझं विंडोज, माझी पोस्टरं, सगळं जागच्या जागी होतं, पण तिथवर नेणारी वाट मीच बुजवली होती. आधी वाट सरळ करून घ्यायची आणि मग दादाचं काढायचं, असा तो क्रम. पण हे आज. तेव्हा मला एवढंच कळत होतं की सगळा सीजन त्या डब्यात आहे आणि डबा मेलेला आहे.

“बाई, आमच्या अध्यक्षाचा फोटो त्यातच होता काय?” गोविंदभाऊंनी विचारलं.

“सगळंच त्यात होतं, भाऊ.”

“अन् लेडीजचा?”

“तोही.”

“मंग तं मेलोच,” म्हणून ते खाली बसले. थोड्या वेळानं ओट्याकडे मान वळवून म्हणाले, “पेंटरभाऊ, तुम्हीच देता काय हातानं रंगवून?” मला वाटलं, झालं. आता बाबा म्हणणार, मी सांगत होतो ना. आणि उद्याच मेडिकलवाला कपाटं घेऊन येणार. पण बाबा नुसते माझ्याकडे बघत राहिले, ब्रश रॉकेलच्या डब्यात घोळवत. मी रडत होते. हो, ढसाढसा रडत होते, गिऱ्हाइकासमोर.

मायनं गॅस बंद केला. “प्रमोदले फोन लावतो आता,” ती कोणाकडे न बघता म्हणाली आणि रस्ता ओलांडून बूथवर गेली. रविवार होता, दादा खोलीवरच सापडला. पण आता वेगळीच पंचाईत. फोन रस्त्याच्या पल्याड, कॉम्प्युटर अल्याड, मधे धानाचे ट्रॅक्टर आणि मिलची धडधड. मी कॉम्प्युटर सोडू शकत नाही, फोनची वायर बूथच्या दारापर्यंतच येते. माय ऐकायची, रिसीव्हर टेबलावर टाकायची, ट्रॅक्टरवाल्यांना हात दाखवत धावत यायची. “थांब ना रे बाप्पा, माह्या पोरीचं कॉम्प्युटर मरून राह्यलं!” माझ्यापर्यंत येईस्तोवर अर्धं विसरलेलं असायचं. “विंडोजची सीडी टाक म्हणते. मंग निळा पडदा येते म्हणे. मंग… मंग काय तं म्हणे थो…” पुन्हा उलटी धाव. रहीमचाचांना म्हटलं, तुम्ही तरी ऐकून ओरडा. ते म्हणाले, “बेटा, इंग्रजीचा अन् माहा छत्तीसचा आकडा आहे.”

माय घामाघूम होऊन रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. इकडे यावं की तिकडे जावं, तिला कळेना. तेव्हा बाबा उठले. ब्रश हातातच होता, धुतलेला. मायच्या बाजूनं पुढे गेले, बूथमध्ये शिरले आणि टेबलावरचा रिसीव्हर उचलून कानाला लावला. मी दारातून त्यांची पाठ बघत होते. हॅलो म्हणाले नाहीत म्हणे. “बोल” एवढंच म्हणाले. पलीकडे दादा मायचीच वाट बघत होता. मग तो म्हणाला, “बाबा, तुम्ही?” आणि बाबा म्हणाले, “मंग कोन राह्यते? सांग लवकर, पोरगी रडून राह्यली.” हे सगळं मायनं नंतर मला इतक्या वेळा सांगितलं की ते मी स्वतःच ऐकलंय असं वाटतं.

आता काम सुरू झालं. बाबा फोनवर, माय रस्त्यात, मी कॉम्प्युटरवर. सीडीवरून निळा पडदा आला. “आर दाब!” दाबला. “एक दाब!” दाबला. “पासवर्ड काई नाई, नुसतं एंटर!” काळा पडदा आला आणि पुढे चौकोन लुकलुकत थांबला. आता दादा एक शब्द सांगत होता तो मायच्या तोंडात काही केल्या बसेना. “फिस… फिक्सम… जाऊ दे मेलं!” बाबांनी बूथच्या दारातून पाहिलं आणि गरजले, “पत्रा आन! अन् लाल डबा!” मेडिकलच्या बोर्डासाठी पांढरा मारून वाळत ठेवलेला पत्रा ओट्याला टेकून होता. मायनं तोच उचलून नेला. बाबांनी रिसीव्हर मान आणि खांद्यात दाबून धरला, पत्रा बूथच्या दाराला टेकवला आणि दादा एकेक अक्षर सांगत गेला तसं मोठ्ठ्या लाल अक्षरांत रंगवत गेले. एफ. आय. एक्स. एम. बी. आर. दोन ट्रॅक्टर मधून गेले, पण ते सरकले की अक्षरं अल्याडून स्पष्ट दिसत होती. गोविंदभाऊ दारात उभे राहून प्रत्येक अक्षराला मान डोलवत होते. मी ती सहा अक्षरं जशीच्या तशी टाइप केली आणि एंटर मारला.

पडद्यावर भलीमोठी सूचना आली. मी वाचली आणि कीबोर्डवरून हात उचलला. त्यात लिहिलं होतं, हे केलं तर डिस्कवरच्या सगळ्याच भागांत जाणं बंद होऊ शकतं, खरंच करायचं का? होसाठी वाय. मी ओरडले, “माय, सगळंच जाईल म्हणते हे! विचार दादाले, करू काय?” माय धावली. मी बघत होते. बाबा फोनवर बोलत होते, थांबत होते, परत बोलत होते. “प्रमोद, पोरीचं सगळं याच्यात आहे. जाईन काय?” दादा म्हणाला, “नाई जात, बाबा. हे सगळ्याइलेच असं भेव दाखवते.” “पक्कं?” “पक्कं.” बाबांनी रिसीव्हर दुसऱ्या खांद्यावर घेतला. मग म्हणाले, “तू म्हणतं तं मी सांगतो तिले.” त्यांनी ब्रश डब्यात बुडवला आणि त्या सहा अक्षरांखाली एकच मोठा वाय काढला. एवढ्या घाईतही त्याच्या शेपटाला वळण दिलं, सवय जाते का!

मी डोळे मिटून वाय दाबला. एक ओळ आली, झालं म्हणून. सीडी काढली, पुन्हा सुरू केला. काळा पडदा. गोविंदभाऊंनी हात जोडलेले. आणि मग दोन ओळी नाहीत, ग्रब नाही, वर की खाली काही नाही, सरळ माझं विंडोज उघडलं. नवा ड्राइव्ह उघडला. पोस्टरं, नायिका, खलनायक, अध्यक्ष गोरे झालेले, सगळे आपापल्या जागी. “आहेत, भाऊ, अध्यक्ष आहेत!” मी किंचाळले. गोविंदभाऊ म्हणाले, “आता गोरे नाई केले तरी चालते.” मी दारात जाऊन हात हलवले, “आला, माय, आला!” माय तिकडे ओरडली, “आला!” रहीमचाचांनी टाळी वाजवली.

मी आत येऊन ट्रेसिंग काढायला लावलं. एसटीला अजून वेळ होता. प्रिंटर घरघरत होता, पहिला कागद सरकायला लागला होता, तरी बाबा बूथवरून आले नव्हते. बघते तर फोन अजून कानालाच. काम झालं होतं, वाय दाबून झाला होता, तरी बोलतच होते. एका हातानं ब्रश हलवत, मधेच हसत. माय त्यांचा सदरा ओढत होती, मले दे, मले दे म्हणून, आणि ते तिला कोपरानं मागे सारत होते. दादा काहीतरी विचारत असणार. बाबा उत्तर देताना एकदा आमच्या दुकानाकडे वळून पाहताना दिसले. मग माय एकदम ताठ झाली. पदर खोचला आणि थेट रस्त्याच्या मधोमध येऊन उभी राहिली. धानाचा ट्रॅक्टर हॉर्न देत होता, ती हलायला तयार नव्हती.

“वैशू वं!” ती बेंबीच्या देठापासून ओरडली. “बाबा दादाले सांगून राह्यले, दुकान आता वैशूच पाह्यते म्हून! मेडिकलवाल्याले नाई म्हून सांगतो म्हणे!”

मिलची धडधड होती, हॉर्न होता, मागे प्रिंटर होता. पण मला शब्दन् शब्द नीट ऐकू आला होता. तरी मी दारात येऊन, दोन्ही हात तोंडाभोवती धरून ओरडले, “काय म्हणाली, माय? ऐकू नाई आलं! पुन्हा सांग!”